हापशीचे पाणी लाल की पिवळे?

पाणी बाटते, असे या देशाने हजारो वर्षे मानले. ते कोणाच्या स्पर्शाने बाटते, याची यादी धर्मशास्त्राने तपशीलवार करून ठेवली. ते खरोखर कशाने दूषित होते, हे तपासण्याची तसदी मात्र कोणी घेतली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि त्यानंतर सनातन्यांनी त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. १०८ घागरींतून दही, दूध, शेण आणि गोमूत्र मंत्रोच्चारांसह तळ्यात सोडण्यात आले. आज गावोगावच्या जलसुरक्षकाकडे एक छोटी बाटली असते. तिच्यात पाणी भरून ठेवले आणि ते काळे पडले, तर त्यात विष्ठेतून आलेले जंतू असल्याची शंका घ्यायची. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली ही साधी चाचणी पुढे आणली. ती बाटली महाडला त्या ‘शुद्ध’ झालेल्या पाण्यात बुडवली असती, तर तिचा रंग काय झाला असता हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही!

हा दाखला आम्ही केवळ सनातन्यांची फजिती करण्यासाठी देत नाही. पाणी शुद्ध की अशुद्ध, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा महाडचाही प्रश्न होता आणि यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगाव, वणी या पट्ट्यातील हापशीभोवती आजही तोच प्रश्न उभा आहे. फरक इतकाच, की तिथे आता पहारेकरी नाही. हापशी दाबा, पाणी येते. ते थंड, नितळ, चवीला बरे असते. आणि त्यात फ्लोराइड असते.

पांढरकवडा भागातील भूजलावरचा एक अभ्यास २००७ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या भागातील काही नमुन्यांत फ्लोराइडचे प्रमाण दर लिटरला १३ मिलिग्रॅमच्याही पुढे गेलेले आढळले. भारतीय मानक सांगते, की पिण्याच्या पाण्यात ते १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा पाणवठाच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. तेरा आणि दीड! या दोन आकड्यांमध्ये किती लेकरांचे दात आणि किती म्हाताऱ्यांचे कंबरडे गेले असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

हे फ्लोराइड कोणी कारखान्यातून सोडलेले नाही. यवतमाळचा बराचसा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. पण पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे चुनखडी, वाळूचे खडक आणि वणीचे कोळशाचे थर लागतात. जमिनीखाली पाणी वर्षानुवर्षे खडकाला लागून राहते आणि खडकातील खनिजांमधून फ्लोराइड हळूहळू त्यात उतरते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला पकडून खाली बसवते. पण पाण्यातले कॅल्शियम मातीत अडकून त्याच्या जागी सोडियम आले, की फ्लोराइडला धरून ठेवणारे कोणी राहत नाही. म्हणूनच ज्या पाण्यात डाळ चटकन शिजते, साबणाला फेस भरपूर येतो, ज्याला बायका ‘हलके पाणी’ म्हणून नावाजतात, तेच पाणी या पट्ट्यात अधिक संशयाचे असू शकते. जिभेवर विश्वास ठेवावा तर ती फसवते आणि डोळ्याला तर काहीच दिसत नाही.

आता हापशी वस्तीत आली कशी, तेही पाहू. १९७२च्या दुष्काळात विहिरी आटल्या आणि महाराष्ट्रभर बोअर पाडण्याचा सपाटा सुरू झाला. पुढे साऱ्या जगात गेलेल्या ‘इंडिया मार्क टू’ या हातपंपाचा पूर्वज आपल्याच सोलापूरचा पंप होता. बंद नळीतून येणाऱ्या पाण्याने पटकी, हगवण यांना आळा बसला, हे नाकारण्याचे कारण नाही. त्याच दशकात बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम चालवली, ती गावातल्या विहिरीवर सर्वांचा हक्क असावा म्हणून. सरकारी यंत्रणेला मात्र सोपी वाट सापडली. विहिरीवरचा झगडा मिटवण्यापेक्षा वस्तीत वेगळी हापशी देऊन टाकायची! गावातल्या विहिरीचे उथळ पाणी गावाला. गावकुसाबाहेरच्या बौद्धवाड्याला आणि माळावरच्या कोलामांच्या पोडाला खोल बोअरचे पाणी. खोल पाण्याचा खडकाशी सहवास जास्त काळचा, म्हणून फ्लोराइडचा धोकाही बहुधा तिथेच जास्त. हे कोणी कट करून केले असे आम्ही म्हणत नाही. पण अस्पृश्यतेला वळसा घालून काढलेली वाट कुठे जाऊन पोहोचते, ते या खडकाने दाखवून दिले.

बांगलादेशात हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडली. तळ्या-डबक्यांचे पाणी सोडून लोकांना कूपनलिकांकडे वळवले आणि त्या पाण्यात आर्सेनिक निघाले. मग २००० सालच्या आसपास तिथे सुमारे ५० लाख कूपनलिका तपासण्यात आल्या. साधन कोणते, तर कागदाचा एक तुकडा. पाण्यातले आर्सेनिक वायुरूपात त्या कागदाला लागले की पिवळा-तपकिरी डाग उमटतो. डाग गडद असेल तर नळाचे तोंड लाल रंगवायचे, नसेल तर हिरवे. निरक्षर बाईलाही कळते, की लाल नळाचे पाणी प्यायचे नाही. पुढे रंग उडाले, नव्या नळांना कोणी रंगवले नाही, तो भाग वेगळा. परंतु त्या रंगाने पाण्यातले विष प्रयोगशाळेच्या कागदावरून उचलून थेट नळाच्या तोंडावर आणून ठेवले.

फ्लोराइडच्या बाबतीतही रंगाचीच भाषा आहे, आणि ती आपल्या प्रत्येक वस्तीला वाचता आली पाहिजे म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. झिर्कोनियम नावाचा एक धातू आहे आणि अलिझरीन नावाचा एक रंग. दोघे एकमेकांना बिलगले की तांबूस लाल द्रावण तयार होते. त्यात पाण्याचा नमुना घाला. पाण्यात फ्लोराइड असेल तर त्याची झिर्कोनियमवर इतकी ओढ, की तो धातूला रंगाकडून ओढून घेतो. रंग एकटा पडतो आणि पिवळा होतो. फ्लोराइड नसेल तर लाल राहील, थोडे असेल तर नारिंगी, जास्त असेल तर पिवळे. गावात मिळणाऱ्या तपासणी पेटीत हाच किंवा याच धर्तीचा खेळ असतो. सोबतच्या रंगपट्टीशी नळी ताडून आकडा वाचायचा.

प्रयोगशाळेत डोळ्याऐवजी यंत्र असते. तिथे ‘स्पॅडन्स’ नावाचा लाल रंग झिर्कोनियमसोबत वापरतात. फ्लोराइड धातूला पळवते तसा लाल रंग फिका होतो. नळीतून ५७० नॅनोमीटरचा, म्हणजे पिवळसर प्रकाश आरपार सोडतात आणि किती प्रकाश अडला हे मोजतात. अडलेला प्रकाश जितका कमी, तितके फ्लोराइड जास्त. तत्त्व एवढेच आहे. यात पोथी नाही, मंत्र नाही, दहावी झालेल्या मुलीला एका दिवसात शिकवता येईल असे हे शास्त्र आहे.

पण हेच शास्त्र निष्काळजी हातात गेले तर खोटेही बोलते. स्पॅडन्सची पद्धत लिटरला सुमारे १.४ मिलिग्रॅमपर्यंतच विश्वासाने मोजते. त्यापलीकडे रंग इतका उडून जातो, की आणखी फिका होण्यास वाव उरत नाही. पाण्यात ६ मिलिग्रॅम असले तर नमुना फ्लोराइडमुक्त पाण्याने पाच-सहापट पातळ करून पुन्हा मोजावा लागतो आणि मग तितक्या पटीने गुणावे लागते. हे न करता पहिलाच आकडा लिहून टाकला, तर सहाचे दीड-दोन होऊ शकतात, आणि दीड म्हणजे ‘मर्यादेत’. पाणी गाळताना तुरटी फिरवली असेल तर तिच्यातला ॲल्युमिनियम फ्लोराइडला धरून बसतो आणि आकडा खोटाच कमी येतो. उलट टीसीएल पावडर नुकतीच टाकलेली असेल तर क्लोरीन रंगच खातो आणि आकडा खोटाच वाढतो. म्हणून अहवालात नुसता आकडा पाहून भागत नाही. नमुना केव्हा घेतला, कोणत्या हापशीचा घेतला, पातळ करून मोजला काय, हे विचारण्याची सवय आमच्या कार्यकर्त्यांनी लावून घेतली पाहिजे.

आता त्या दीड मिलिग्रॅमकडेच नीट पाहू, कारण खरी मेख तिथे आहे. अशी मर्यादा ठरवताना माणूस दिवसाला साधारण दोन लिटर पाणी पितो, असे धरण्याचा प्रघात आहे. दोन लिटरला दीड, म्हणजे दिवसाचे ३ मिलिग्रॅम. हा दोन लिटरचा माणूस कोण? पंख्याखाली बसून फाईल पाहणारा. एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा यवतमाळच्या शेतात पऱ्हाट्या उपटणारी बाई, रस्त्याच्या कामावरचा, वीटभट्टीवरचा मजूर दिवसाला पाच-सहा लिटर पाणी सहज पितो. सहा लिटरला दीड, म्हणजे ९ मिलिग्रॅम. आणि जागतिक आरोग्य संघटनेचेच म्हणणे आहे, की दिवसाला सर्व वाटांनी मिळून सुमारे ६ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड शरीरात गेले तर हाडांना धोका वाढत असल्याच्या खुणा दिसतात. १४ मिलिग्रॅमला तो धोका स्पष्टच आहे. त्यात कोऱ्या चहाची भर वेगळी, कारण चहाच्या पानातही फ्लोराइड असते. पाणी कागदावर ‘मर्यादेत’ असूनही मजुराचे हाड मर्यादेबाहेर जाऊ शकते. मर्यादा ठरवताना स्थानिक हवामान आणि लोक किती पाणी पितात हे लक्षात घ्यावे, असे त्याच संघटनेने सांगितले आहे. आमच्याकडे मात्र सचिवालय आणि शेत यांना एकच मर्यादा! श्रमाचा हिशेब मजुरीत धरला जात नाही, तसा तो पाण्यातही धरला गेलेला नाही.

परिणाम काय होतात? दातांचे आवरण घडत असते त्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, जास्त फ्लोराइड पोटात गेले तर दातांवर खडूसारखे पांढरे, पुढे पिवळे-तपकिरी पट्टे उठतात. ते आवरणातच घडलेले असतात, घासून जात नाहीत. गावात मात्र निदान ठरलेले, की पोरगा खर्रा खातो! ज्या पोरीने आयुष्यात सुपारीला हात लावला नाही तिचेही लग्न या दातांपायी अडते. पुढे फ्लोराइड हाडांत आणि सांध्यांच्या बंधांत साठते, मान वळत नाही, कंबर वाकत नाही, आणि त्याला ‘वात’ म्हणून सोडून दिले जाते. भारतात या रोगाची नोंद १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून झाली. तिथल्या शेतकऱ्यांना आधी दिसले ते बैलांचे चालणे अडलेले. म्हणजे जित्राबाचे दुखणे पाहून माणसाचे दुखणे कळले. घरच्या घरी तीन गोष्टी करून पाहता येतात. गुडघे न वाकवता पायाच्या अंगठ्याला हात लावणे, हनुवटी छातीला टेकवणे, दोन्ही हात डोक्यामागे नेणे. वस्तीतल्या चाळिशीच्या आतल्या अनेकांना हे जमत नसेल, तर ‘वात’ म्हणून गप्प न बसता हापशीचे पाणी तपासायला लावावे.

पाणी उकळून हे जात नाही. उलट पाणी आटते आणि फ्लोराइड दाट होते. नागपूरच्या ‘नीरी’ने चुना आणि तुरटी घालून फ्लोराइड काढण्याची रीत फार पूर्वी विकसित केली, तिला तेलंगणातील नलगोंडाचे नाव आहे. रीत स्वस्त आहे, पण मात्रा रोज मोजून घालावी लागते आणि खाली बसलेला गाळ कुठे टाकायचा हा प्रश्न राहतो. खरा उपाय धरणाचे किंवा नदीचे पाणी शुद्ध करून वस्तीपर्यंत आणणे हाच, कारण वाहत्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमी असते. तोवर आहारात कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व वाढवल्याने थोडा आधार मिळतो. आवळा, दूध, पावसाळ्यातली तरोट्याची भाजी यांचा उपयोग आहे. पण ज्याच्या ताटात दूधच नाही त्याला दूध प्या म्हणून सांगणे ही थट्टा आहे, हेही आम्हास कळते.

या पोकळीत कोण शिरले? बाजार. आरओ मशीन विकणारा दारात येतो, दोन पेल्यांत वीज सोडणाऱ्या सळया बुडवतो, आणि तुमच्या हापशीचे पाणी बघता बघता तपकिरी-काळपट होते. त्याच्या मशीनचे पाणी तसेच नितळ राहते. बाया घाबरतात, हप्त्यावर मशीन घेतात. ही शुद्ध हातचलाखी आहे. क्षार असलेल्या कोणत्याही पाण्यातून वीज वाहते आणि सळईचे लोखंडच विरघळून गंज दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्याने वीजच वाहत नाही. त्या रंगाचा फ्लोराइडशी काडीचा संबंध नाही. तीच गोष्ट टीडीएस मीटरची. तो एकूण क्षार दाखवतो, फ्लोराइड दाखवत नाही. आरओने फ्लोराइड कमी होते हे खरे. परंतु लोकांना भिववण्यासाठी खोटा रंग दाखवणे आणि खरा रंग दाखवणारी पेटी ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलूपबंद असणे, हे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

विद्यापीठांतूनही आम्हास फार दिलासा मिळत नाही. फ्लोराइड लागताच रंग बदलणारे, प्रकाशात चमकणारे नवनवे रेणू जगभरच्या प्रयोगशाळांत तयार होतात, शोधनिबंध छापले जातात, पदव्या मिळतात. पण त्यातले कित्येक रेणू पाण्यात चालतच नाहीत! पाण्याचे कण फ्लोराइडला इतके घट्ट वेढतात, की तो रेणू त्याला पकडू शकत नाही. म्हणून चाचणी करतात ती ॲसिटोनायट्राइलसारख्या द्रावकात. झरी-जामणीच्या हापशीतून ॲसिटोनायट्राइल येत नाही, पाणी येते. आमची मुले रसायनशास्त्रात संशोधन करू लागली आहेत, याचा आम्हास अभिमान आहे. त्यांनी मार्गदर्शकाला एवढे तरी विचारावे, की हा रंग पोडावरच्या मडक्यात बदलेल काय? मोबाइलच्या कॅमेऱ्याने नळीचा रंग मोजून आकडा सांगणारी साधने निघाली आहेत. ती अधिक कामाची, कारण तिथे ‘मला नारिंगी वाटले, तुला पिवळे’ हा वाद मिटतो.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. लाल-हिरव्यात गल्लत करणारी दृष्टी पुरुषांमध्ये शंभरात काही जणांना जन्मतः असते, स्त्रियांमध्ये ती अगदी क्वचित. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच जणींना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण द्यावे, असे ठरले. सरकारने हा विचार करून ठरवले नसेल, पण रंग ओळखण्याचे काम योग्य डोळ्यांकडे गेले! आता त्या पाच जणी कोणत्या आळीच्या, हे पाहायला हवे. पाचही जणी गावठाणातल्या, आणि बौद्धवाड्याची, पोडाची एकही नाही, असे असेल तर वस्तीतली हापशी तपासायला कोण येणार? पेटीची मुदत संपलेली द्रावणे कोण बदलून मागणार?

पंचायतीला मिळणारे हिरवे कार्ड हाही एक फसवा दिलासा ठरू शकतो. ते मुख्यतः पाणवठ्याच्या आजूबाजूची स्वच्छता, गळती, टीसीएलचा साठा यांवर ठरते. जंतूंचा धोका कमी म्हणून हिरवे कार्ड. त्याचा अर्थ फ्लोराइड नाही, असा होत नाही. आणि ही पेटी सर्व काही पाहते असेही कोणी समजू नये. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने याच जिल्ह्यातील सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचा जीव घेतला. ती कीटकनाशके पाण्यात उतरली तर ही पेटी ती दाखवत नाही, त्यासाठी मोठी प्रयोगशाळाच लागते.

घटनेच्या कलम १५ मध्ये बाबासाहेबांनी विहिरी आणि तळी यांचा नामोल्लेख करून ठेवला आहे. १९९१ साली सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. हक्क आहे. पण आपल्या हापशीचा आकडा ज्याला माहीत नाही, त्याने हक्क मागायचा तरी कशाच्या आधारावर?

ग्रामसभा १ मे रोजी असते, ऐन उन्हाळ्यात, जेव्हा मजूर सर्वांत जास्त पाणी पितो. त्याआधी एप्रिलमध्येच वस्तीतल्या प्रत्येक हापशीचा नमुना पाठवावा. जिल्हा व तालुक्याच्या पाणी प्रयोगशाळा नाममात्र शुल्कात सामान्य माणसाचा नमुना तपासतात. हापशी आधी पाच मिनिटे चालवावी, म्हणजे नळीतले शिळे पाणी निघून जाईल. बाटली काचेची नको, स्वच्छ प्लॅस्टिकची घ्यावी आणि त्याच पाण्याने दोन-तीनदा खळबळून भरावी. वर वस्तीचे नाव, हापशीची जागा, तारीख आणि तीत टीसीएल टाकले होते की नाही, हे लिहावे. आलेला आकडा ग्रामसभेत मोठ्याने वाचून इतिवृत्तात नोंदवून घ्यावा, आणि तो दीडच्या वर असेल तर त्याच दिवशी हापशीच्या दांड्याला लाल रंग लावावा. अहवाल मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच.